दोन्ही काठांची मिळकत

'दोन जगांच्या सीमेवरचा माणूस' हा शब्दप्रयोग आपल्या समीक्षेत फारच स्वस्त झाला आहे. कुणी दोन भाषा जाणतो, दोन दरबारांत ऊठबस करतो, दोन पद्धतींनी जेवतो, एवढ्या भांडवलावर त्याला नायकत्व बहाल केले जाते. तो संकरित आहे म्हणून तो मुक्त आहे. तो कुठलाच नाही म्हणून तो सर्वांचा आहे. तो सीमेवर उभा आहे म्हणून सीमाच पुसली गेली आहे, असा या युक्तिवादाचा ठरलेला क्रम असतो. आम्ही दोघे पदव्युत्तर वर्गांना वसाहतोत्तर साहित्यविचार शिकवतो, आणि ही वाक्ये आम्हीच वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. विद्यार्थ्यांनी ती इमानेइतबारे उत्तरपत्रिकांतून आम्हांला परत केली. तेव्हा पुढील लेखन इतरांवरचे आरोपपत्र जेवढे आहे, तेवढेच ते आमचे प्रायश्चित्तही आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

या कल्पनेची परीक्षा घ्यायची तर तिला सर्वाधिक अनुकूल असे उदाहरण घ्यावे. प्रतिकूल उदाहरणाने मोडलेली कल्पना मोडली असे मानायला तिचे भक्त तयार होत नाहीत. म्हणून आम्ही जॉन डन हा माणूस निवडला आहे. एकोणिसाव्या शतकातील आग्नेय आफ्रिकेत, थुकेला नदीच्या एका काठाला ब्रिटिशांची नाताळ वसाहत होती आणि दुसऱ्या काठाला झुलूंचे स्वतंत्र राज्य. या दोहोंमध्ये डन सुमारे चाळीस वर्षे वावरला. तो जन्माने इंग्रज वसाहतवाल्यांचा मुलगा. झुलू भाषा त्याला घरच्यासारखी येत असे, आणि झुलू त्याला 'जान्तोनी' म्हणत. तो इंग्रजी सद्गृहस्थासारखे कपडे घाली, खुर्ची-टेबलाच्या घरात राही, आणि त्याच वेळी झुलू सरदाराप्रमाणे गुरे मोजून देऊन विवाह करी. त्याच्या झुलू पत्नींची संख्या ४८ आणि मुलांची ११७ सांगितली जाते. 'संकर' या शब्दाला याहून भरघोस उदाहरण शोधून सापडणार नाही. चार्ल्स बॅलार्ड या इतिहासकाराने १९८५ साली त्याचे चरित्र प्रसिद्ध केले, आणि त्याच्या शीर्षकात डनला 'झुलूलँडचा गोरा सरदार' म्हटले. ती उपाधी तेव्हाही नवी नव्हती.

आमचे म्हणणे एवढेच आहे: डन हा दोन जगांच्या मधला माणूस नव्हता. 'मध्ये असणे' हा त्याचा व्यवसाय होता. त्या व्यवसायाला मिळकत होती, ती दोन्ही काठांवरून येत होती, आणि तिची किंमत दुसरेच लोक चुकवीत होते.

प्रथम त्याच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलून घेऊ. डनचा जन्म १८३४ च्या सुमारास झाला. १८४७ साली वडिलांना हत्तीने मारले. काही वर्षांत आईही गेली. पोरका मुलगा बैलगाड्या हाकू लागला. एका लांबच्या खेपेचे पैसे मागायला गेला तेव्हा तो कायद्याने सज्ञान नाही या सबबीवर त्याची मजुरी नाकारण्यात आली, असे त्याने पुढे सांगितले आहे. वसाहतीच्या कायद्याने हाकलले म्हणून तो रानात गेला, हे त्याचे स्वतःचे निवेदन आहे, आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही. १८५३ साली त्याने कॅथरीन पियर्स हिच्याशी विवाह केला. तिचे वडील गोरे, आई केप मलाय. वसाहतीच्या बैठकीत या जोडप्याला मानाची जागा नव्हती. म्हणजे आरंभी तरी सीमा त्याने निवडली नाही, ती त्याच्यावर आली. सहानुभूती द्यायची तर ती इथवर द्यावी, आम्ही देतो.

१८५६ च्या डिसेंबरात झुलू राजा म्पान्दे याच्या दोन मुलांत, सेट्श्वायो आणि म्बुयाझी यांच्यात, वारसाहक्काचा निकाल लागला. थुकेलाच्या खालच्या टप्प्यात, एन्दोन्दाकुसुका येथे झालेल्या त्या लढाईत डन म्बुयाझीच्या बाजूने उतरला होता. नाताळच्या सीमेवरील अधिकारी कॅप्टन वॉल्म्सली याच्याकडे तो नोकरीस होता, आणि सोबत बंदूकधाऱ्यांची एक छोटी तुकडी होती. म्बुयाझी हरला आणि मारला गेला. त्याच्या मागे बायकामुलांचा मोठा तांडा होता. पुराच्या पाण्याने फुगलेली नदी पाठीशी आणि सेट्श्वायोचे सैन्य समोर, अशा कोंडीत हजारो माणसे कापली किंवा बुडाली. डन नदी ओलांडून वाचला.

यानंतर जे घडले ते कादंबरीकारांना फार आवडते. त्या लढाईत गोऱ्या व्यापाऱ्यांची गुरे सेट्श्वायोच्या हाती गेली होती. ती सोडवायला डन एकटा त्याच सेट्श्वायोकडे गेला, ज्याच्याविरुद्ध त्याने नुकतीच बंदूक चालवली होती. गुरे मिळाली. एवढेच नव्हे, तर सेट्श्वायोने त्याला आपल्या प्रदेशात येऊन राहण्याचे निमंत्रण दिले, जमीन दिली, सरदारकी दिली. शत्रूला मित्र करणारा उदार राजा, भीती न बाळगणारा तरुण गोरा, आणि दोन संस्कृतींचे मीलन. पडदा पडायला याहून चांगली जागा कोणती?

पण पडदा पाडू नये. राजपुत्राला गोऱ्या माणसाची गरज का होती, हे विचारावे. सेट्श्वायो भोळा नव्हता. एका बाजूला नाताळचे इंग्रज, दुसऱ्या बाजूला ट्रान्सवालचे बोअर, आणि घरात उरलेले भाऊबंद, या तिघांच्या मध्ये त्याला दोन वस्तू हव्या होत्या: पत्र लिहिणारा हात आणि बंदुका. डनने दोन्ही पुरवल्या. तो राजाचा पत्रव्यवहार पाहू लागला, आणि पोर्तुगीजांच्या डेलागोआ उपसागरातून झुलूलँडमध्ये बंदुका येऊ लागल्या, त्या व्यापाराचा तो प्रमुख मध्यस्थ झाला. म्हणजे हा संबंध दोन्ही बाजूंनी हिशेबाचा होता. त्यात स्नेह नव्हता असे आम्ही म्हणत नाही. हिशेबाच्या संबंधातही स्नेह उगवतो, गावच्या सावकाराच्या ओटीवरही तो कधीकधी उगवत असे. तेवढ्याने सावकारी नाहीशी होत नाही.

आता नदीचा दुसरा काठ पाहू. नाताळमध्ये उसाचे मळे वाढत होते आणि मळ्यांना मजूर हवे होते. आपल्याकडच्या वाचकांना या कथेचे एक टोक ठाऊक असते: १६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून निघालेले 'ट्रुरो' हे जहाज डर्बनला लागले आणि गिरमिट्यांचा ओघ सुरू झाला. तो ओघ १८६६ साली थांबला आणि १८७४ साली पुन्हा सुरू झाला, हे मात्र कमी ठाऊक असते. मळेवाल्यांची नजर या काळात उत्तरेकडील त्सोंगा लोकांकडे वळली. डेलागोआच्या बाजूने येणाऱ्या या मजुरांचा रस्ता झुलूलँडमधून जात होता. तो रस्ता सुरक्षित ठेवण्यासाठी नाताळ सरकारला झुलू राजाच्या मर्जीतला माणूस हवा होता. १८७० च्या दशकात हे काम पगारावर डनकडे आले. त्याच्या हुद्द्याच्या नावात मजुरांच्या 'संरक्षणाचा' उल्लेख होता.

जॉन डन समजून घ्यायला हा एक तपशील पुरेसा आहे. एकाच वेळी तो सेट्श्वायोच्या दिलेल्या जमिनीवर सेट्श्वायोला बंदुका पुरवीत होता, आणि नाताळ सरकारच्या पगारावर नाताळच्या मळ्यांना मजूर पोचवीत होता. उत्तरेकडून एकाच वाटेने बंदुका येत होत्या आणि माणसेही. त्या वाटेवर बसून दोन्हींवर मिळकत घेणाऱ्या माणसाला आपण 'सांस्कृतिक सेतू' म्हणणार असू, तर जकातनाक्यालाही तसे म्हणावे लागेल.

मराठीने या बाबतीत आपल्या सिद्धान्तनापेक्षा अधिक शहाणपण दाखवले आहे. आपल्याकडे 'दुभाषी' हा वेगळा शब्द आहे, 'मध्यस्थ' वेगळा, 'अडत्या' वेगळा आणि 'दलाल' वेगळा. दुभाषी अर्थ पोचवतो, मध्यस्थ भांडण मिटवतो, अडत्या माल विकून देतो आणि अडत घेतो. बाजार समितीतील अडत्या शेतकऱ्यालाही ओळखतो आणि व्यापाऱ्यालाही. दोघांची बोली त्याला येते. दोघांच्या लग्नकार्यांत तो पंक्तीला असतो. म्हणून कुणी त्याला संकरित अस्मितेचा प्रवक्ता ठरवलेले आमच्या पाहण्यात नाही. मग आफ्रिकेतल्या अडत्याला पाहिल्यावरच आपली परिभाषा एकाएकी इतकी काव्यमय का होते?

येथे होमी भाभा यांचे नाव निघणार, हे आम्ही जाणतो. १९४९ साली मुंबईत जन्मलेल्या भाभांचा 'द लोकेशन ऑफ कल्चर' हा ग्रंथ १९९४ साली आला, आणि 'संकर' व 'तिसरा अवकाश' या संज्ञा आपल्या चर्चासत्रांत रुळल्या. आमचा वाद भाभांशी नाही. वसाहतीची सत्ता स्वतःची नक्कल पाहून कशी अस्वस्थ होते, तिच्याच हुकमात तिला परका आवाज कसा ऐकू येतो, हे त्यांना दाखवायचे होते. संकर हे त्यांच्या लेखी सत्तेच्या आत पडलेल्या भेगेचे वर्णन होते. आपण ते व्यक्तीच्या गुणवर्णनात बदलले. जी संज्ञा सत्तेची तपासणी करण्यासाठी घडली, ती आपण सत्तेच्या अडत्यांना शाल-श्रीफळ देण्यासाठी वापरू लागलो. डनकडे पाहून वसाहतीची सत्ता मुळीच अस्वस्थ झाली नाही. तिने त्याला पगार दिला, आणि पुढे राज्यही दिले.

ते कसे, हे पाहण्यासाठी १८७८ कडे जाऊ. ११ डिसेंबर १८७८ रोजी थुकेलाच्या नाताळच्या काठावर, उंबराच्या जातीच्या एका मोठ्या झाडाखाली, झुलू प्रतिनिधींना ब्रिटिशांच्या मागण्या वाचून दाखवण्यात आल्या. तिथे डन हजर होता. गुरांचा दंड भरा, अमुक माणसे आमच्या हवाली करा, इंग्रज रेसिडेंट ठेवून घ्या, आणि मुख्य म्हणजे तुमची लष्करी व्यवस्था मोडा, अशा त्या मागण्या होत्या. मुदत संपताच युद्ध. कोणत्याही स्वाभिमानी राज्याला त्या मान्य करता येणार नाहीत, अशाच बेताने त्या आखलेल्या होत्या.

त्या आखणारा माणूस मराठी वाचकाला अपरिचित नसावा. दक्षिण आफ्रिकेतील ब्रिटिश उच्चायुक्त सर बार्टल फ्रिअर हा १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. मुंबईच्या किल्ल्याचा तट त्याच्याच कारकिर्दीत पाडला गेला, आजच्या पी. डिमेलो मार्गाचे जुने नाव फ्रिअर रोड होते. त्याहीपूर्वी, १८४७ साली, तो साताऱ्यास रेसिडेंट होता. १८४८ साली छत्रपती आप्पासाहेब वारले, तेव्हा त्यांनी घेतलेल्या दत्तकाचा हक्क मान्य व्हावा अशा बाजूचे मत याच फ्रिअरने दिले होते. कंपनीने ते मानले नाही. राज्य खालसा झाले, आणि खालसा झालेल्या साताऱ्याचा कारभार पाहायला त्याचीच नेमणूक झाली; त्याने ती स्वीकारली. तीस वर्षांनी तोच माणूस, युद्ध नको असे लंडनचे म्हणणे असताना, झुलू राज्य मोडायला निघाला. भल्या मताचा कागद दप्तरात राहतो आणि हुद्दा माणसाला पुढे घेऊन जातो, हे शिकायला आपल्याला आफ्रिकेपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. डनलाही झुलूंविषयी आपुलकी असेल. प्रश्न आपुलकीचा कधीच नव्हता.

युद्ध समोर दिसू लागले तेव्हा डनने तटस्थ राहू द्यावे अशी इच्छा प्रकट केली. ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत बोलकी घटना आम्हांला वाटते. दोन जगांमध्ये खरोखर एखादी तिसरी जागा असती, तर ती याच क्षणी दिसली असती. ती दिसली नाही. ब्रिटिशांनी तटस्थतेला वाव ठेवला नाही, आणि डन सुमारे २,००० आश्रित व ३,००० गुरे घेऊन थुकेला ओलांडून नाताळमध्ये आला. १८५६ मध्ये त्याने नदी ओलांडली ती जीव वाचवायला. या वेळी ओलांडली ती मालमत्ता वाचवायला. २२ जानेवारी १८७९ रोजी इसान्डल्वाना येथे झुलूंनी ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडवला. १,३०० हून अधिक माणसे त्या बाजूची पडली. त्यानंतर सरसेनापती लॉर्ड चेम्सफर्डला झुलू वाटा जाणणारा माणूस हवाच होता. एशोवे येथे अडकलेल्या तुकडीची सुटका करण्यासाठी निघालेल्या सैन्याबरोबर डन टेहळ्यांचा प्रमुख म्हणून गेला, आणि २ एप्रिल १८७९ रोजी गिंगिन्डलोवूच्या लढाईत त्याने झुलूंवर स्वतः बंदूक चालवली. समोर त्याला जमीन देणाऱ्या राजाची माणसे होती. त्यांतल्या काहींच्या हातांतील बंदुका त्यानेच आणलेल्या असण्याचा संभव कितीसा कमी असेल?

यावर काही जण त्याला गद्दार म्हणून मोकळे होतात. तेही आम्हांला मान्य नाही. गद्दार म्हणायला आधी निष्ठा गृहीत धरावी लागते, आणि ती धरली की आपण पुन्हा त्याच काव्यात शिरतो. फक्त नायकाच्या जागी खलनायक येतो. त्याच्यावर दोन हजार माणसांची जबाबदारी होती, हेही विसरता येत नाही. डनने निष्ठा मोडली नाही. दोन्ही काठांवरचा व्यवहार शक्य होता तोवर त्याने दोन्हींकडून घेतले. एक काठ बुडणार असे दिसताच तो दुसऱ्या काठावर गेला. त्याच्या वागण्यात विसंगती शोधू नये. ती अत्यंत सुसंगत आहे.

४ जुलैला उलुंडी येथे झुलू सैन्याचा पराभव झाला आणि २८ ऑगस्टला सेट्श्वायो पकडला गेला. १ सप्टेंबर १८७९ रोजी सर गार्नेट वुल्झली याने झुलूलँडचे १३ तुकडे केले. त्यांतील थुकेलाच्या उत्तरेकडील मोठा सलग पट्टा जॉन डनला मिळाला. सरदारांवर घातलेल्या अटींत एक अट शस्त्रे आयात न करण्याची होती. झुलूलँडमधील बंदुकांच्या मोठ्या व्यापाऱ्याने ती मान्य करून सही केली. त्याने आपल्या प्रदेशात झोपडीमागे कर बसवला. पदच्युत राजा परत येऊ नये म्हणून त्याने जंग जंग पछाडले. सेट्श्वायो १८८२ साली लंडनला जाऊन राणी व्हिक्टोरियाला भेटला आणि जानेवारी १८८३ मध्ये राज्याच्या एका कापलेल्या भागावर परतला. डनचा मुलूख मात्र ब्रिटिशांनी राखीव प्रदेशात घातला आणि त्याची सत्ता संपली. सेट्श्वायोचा त्याच वर्षी झिभेभूने पराभव केला. ८ फेब्रुवारी १८८४ रोजी एशोवे येथे तो मरण पावला. १८८७ साली झुलूलँड ब्रिटिश साम्राज्यात विलीन झाले. ज्याला 'सेतू' म्हणायचे, त्याच्या दोन काठांपैकी एक काठ अशा रीतीने उरलाच नाही. मग सेतूचे काम तरी काय उरले? डन १८९५ पर्यंत जगला, पण त्याचा धंदा त्याच्या आधीच संपला होता.

१८८६ साली त्याच्या आठवणींचे पुस्तक निघाले. शीर्षकात एक राजा आहे आणि तीन सेनापती आहेत. त्या ४८ बायकांपैकी कुणाच्याही तोंडून सांगितलेली गोष्ट त्यात नाही. कॅथरीनच्याही नाही. आता आम्ही विचारतो, दोन जगांच्या मध्ये नेमके कोण राहत होते? इंग्रजी घरात पाहुण्यांबरोबर जेवणारा आणि झुलू सभेत न्याय देणारा डन दोन्हींकडे मालक होता. त्याच्या बायका मात्र गुरांच्या मोबदल्यात आल्या, झुलू चालीरीतींनी राहिल्या, एका गोऱ्या माणसाच्या वंशाला जन्म देत राहिल्या, आणि युद्ध आले तेव्हा आपल्या बापभावांच्या विरुद्ध काठावर नेल्या गेल्या. संकर जर कुठे अनुभव म्हणून जगला गेला असेल, तर तो त्यांच्या घरांत जगला गेला. आपल्या निबंधांत त्यांचा उल्लेख एका आकड्याने होतो, आणि तोही नायकाचे पौरुष सांगण्यासाठी.

मुलांचे काय झाले ते कागदोपत्री आहे. बापाला जी सीमा खुली होती, ती त्यांच्यासाठी बंद झाली. वसाहतीच्या राज्यकर्त्यांना मध्यस्थांची गरज उरली नाही, तेव्हा मध्यस्थांच्या मुलांचे करायचे काय हा प्रश्न त्यांना पडला. १९३५ साली दक्षिण आफ्रिकेच्या संसदेने केवळ जॉन डनच्या वंशजांच्या जमीनवाटपासाठी एक स्वतंत्र कायदा केला. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने माणसांची वंशवार खातेवही उघडली आणि डन कुटुंबे 'कलर्ड' या रकान्यात गेली: ना गोरी, ना झुलू. आपण ज्याला मोठ्या कौतुकाने 'कुठलाच नसणे' म्हणतो, त्याची ही सरकारी नोंद. वर्णभेदी राजवट कोसळत असताना, १९९० च्या दशकात, मान्गेटे भागातील डन वंशजांच्या जमिनीवर शेजारच्या माकाम्बिनी समाजाने हक्क सांगितला. त्यांचे म्हणणे असे की ही भूमी मुळात आमची. त्यांचेही खोटे नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांचेही खोटे नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या मिळकतीचा हिशेब दोन गरजू समाज एकमेकांकडून वसूल करू पाहतात, हे दृश्य 'सीमेवरच्या माणसा'वरील कोणत्याही स्तुतिपर निबंधाला जोडून वाचावे.

मग दोन जगांमध्ये प्रामाणिकपणे राहताच येत नाही काय? येते. त्याच नाताळमध्ये, त्याच काळात, मागेमा फुझे नावाचा माणूस होता. बिशप कोलेन्सोच्या एकुखान्येनी येथील शाळेत तो शिकला, १८५९ साली ख्रिस्ती झाला आणि मुद्रणाचे काम शिकला. तो खिळे जुळवी. सेट्श्वायोचे राज्य उभे असताना तो राजाला भेटून आला आणि तेथे जे पाहिले ते त्याने लिहिले. नाताळचे सरकार राजाला रानटी ठरवण्याच्या खटपटीत होते, तेव्हाची ही गोष्ट. पुढे सेट्श्वायोचा मुलगा दिनुझुलू सेंट हेलेना बेटावर हद्दपारीत होता, तिथे फुझे त्याचा लेखनिक म्हणून गेला. १९२२ साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. काळी माणसे कुठून आली, ते सांगणारे. झुलू मातृभाषा असलेल्या माणसाने झुलूत लिहिलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. फुझेही ख्रिस्ती होता, इंग्रजांच्या छापखान्यात वाढला होता, दोन भाषांत वावरत होता. पण त्याने राज्य गेलेल्या घराची चाकरी केली, जिथून काही मिळण्यासारखे उरले नव्हते. त्याला कुणी प्रदेश तोडून दिला नाही. आमच्या अभ्यासक्रमांत जॉन डनसारख्यांवर चर्चा होते, फुझेचे नाव आम्ही स्वतः कित्येक वर्षे वर्गात उच्चारले नव्हते.

काही वाचक म्हणतील, प्राध्यापकांनी नैतिक निवाडे देऊ नयेत, संहितेची गुंतागुंत दाखवावी. गुंतागुंतीला आमचा विरोध नाही. पण गुंतागुंत म्हणजे हिशेब न विचारण्याचा परवाना नव्हे. डनचे आयुष्य गुंतागुंतीचे आहेच. त्या गुंत्यातला प्रत्येक धागा कुठून निघून कुणाच्या गळ्याशी जातो, हे दाखवणे हेच समीक्षेचे काम आहे. 'तो दोन्हींकडचा होता' असे म्हणून थांबणे म्हणजे गुंता न सोडवता त्याची रांगोळी करणे.

यापुढे आमच्या वर्गात 'सीमेवरचा माणूस' हा विषय निघाला की आम्ही विद्यार्थ्यांना तीन प्रश्न आधी लिहायला सांगणार आहोत. हा माणूस प्रत्येक काठावरून काय घेत होता? युद्ध आले तेव्हा तो कुठे गेला आणि कुणाला बरोबर नेले? आणि त्याच्या घरातल्या माणसांनी स्वतःची गोष्ट कुठे सांगितली आहे? या तिन्हींची उत्तरे देऊनही ज्यांना 'संकरित अस्मिता' हा शब्द वापरावासा वाटेल, त्यांनी तो जरूर वापरावा. थुकेलाच्या पुरात १८५६ साली जी माणसे बुडाली, त्यांनाही दोन काठ दिसतच होते.